लाईट गेली की हात वर

आमच्या गुडगावच्या फ्लॅटचा स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी माझी बायको साइटवर गेली आणि तिनं ठेकेदाराला हॉलच्या छतात चार लोखंडी कड्या सोडायला सांगितल्या. ठेकेदारानं नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मैडम, इतनी मज़बूत कड़ियाँ? घर में भैंस बाँधोगे क्या?" बायको एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची, त्यामुळे असल्या प्रश्नांची तिला सवय होती. झोपाळा म्हणजे काय, ते तिनं त्याला शांतपणे समजावलं. त्याच्या गावात झूला म्हणजे श्रावणात झाडाला बांधायची वस्तू. बारा महिने घरात छताला फळी टांगून तिच्यावर चहा पिणारी माणसं त्यानं पाहिली नव्हती. पण कड्या त्यानं टाकल्या आणि पक्क्या टाकल्या. पुढे त्या कड्यांनी माझ्या बायकोचा जीव वाचवला असं मी म्हणतो. ती म्हणते, वीज मंडळानं वाचवला. दोन्ही खरं आहे. माझा वाटा एवढाच, की तो जीव धोक्यात मी घातला होता.

त्या काळात पेपरात रोज लिहून यायचं की देशाची दारं उघडली. आमच्यापुरता त्याचा अर्थ असा, की पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून मी एका परदेशी कंपनीच्या इथल्या ऑफिसात आलो आणि मोहरीच्या शेतात उभ्या राहिलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावर घर घेतलं. इमारतीला लिफ्ट होती, पण लाईट नसे. दिवसातून सहा-सात वेळा जायची. जनरेटर होता, तो चौकीदार जेवत नसेल तर सुरू व्हायचा. पाणी टँकरनं यायचं. मी मुळातच चिडका माणूस. पुण्यात चिडायला निदान घराबाहेर पडावं लागायचं, इथे सगळे विषय घरपोच मिळायचे.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. तीन वर्षं डॉक्टरांचे उंबरे झिजवल्यावर एका रविवारी आम्ही दोघांनी बसून तो विषय मिटवला, आणि पुन्हा काढला नाही. त्यानंतर मला एक खोड लागली. ती स्कूटरवरून ऑफिसला निघाली की मी बाल्कनीतून सूचना द्यायचो. हेल्मेटचा पट्टा लाव. ट्रकच्या मागे राहू नकोस. आणि शेवटी रोज तेच, "पोचलीस की सांग." ती वर न बघता हात हलवायची आणि जायची. फोन मात्र रोज करायची. "पोचले," एवढंच बोलून ठेवून द्यायची. तो शब्द ऐकला की मग माझं काम सुरू व्हायचं. तिला काही झालं तर मी काय करणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ते तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून मी हेल्मेटबद्दल बोलायचो.

अशा माणसाच्या बायकोला उडायचं वेड लागलं.

एका अर्धवट टॉवरच्या बाराव्या मजल्यावर ती काम बघायला चढली होती. शेतांच्या पलीकडे, बरोबर तिच्या उंचीवर, एक माणूस लाल कापडी पंखाखाली बसून निवांत चालला होता. तिनं हात केला. त्यानंही केला. "दोन्ही हात सोडून केला रे," ती घरी येऊन म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तीन-चार वर्षांत पाहिलेलं नव्हतं. नाही म्हणायची तयारी मी करत होतो, पण तो चेहरा बघून तोंडातून निघालं ते, "कुठे शिकवतात?"

शिकवणारे होते फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार, आणि आम्ही त्यांना सुभेदार साहेबच म्हणायचो. मूळचे पानिपतचे. हे ऐकून माझी आई म्हणाली, "पानिपतला जाऊन आपलं कधी भलं झालंय?" आई अधूनमधून पुण्याला जाऊन यायची, बाकी आमच्याकडेच असायची. पहिल्या भेटीत सुभेदार साहेबांनी तिच्यासाठी पानिपतचं जाड कांबळं आणलं, आणि तिनं इतिहास तात्पुरता माफ केला.

त्यांचं मैदान म्हणजे सेक्टरसाठी घेऊन ठेवलेली रिकामी जमीन. तिथला सरळ डांबरी रस्ता तयार होता, पण दिव्यांचे खांब नव्हते, घरं नव्हती, रहदारी नव्हती. रस्त्यावरून जीप पळायची, जीपला लांब दोर, दोराच्या टोकाला पंख आणि माणूस. माणूस पतंगासारखा वर चढायचा, वर गेल्यावर दोर सोडून द्यायचा आणि गिरट्या घेत खाली उतरायचा. जीप त्यांचा ड्रायव्हर चालवायचा. साहेब मागे तोंड करून बसायचे आणि वरच्या माणसावरची नजर काढायचे नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी बायकोला एकच प्रश्न विचारला. "स्कूटर चलाती हैं?"

"नौ साल से," ती अभिमानानं म्हणाली.

"फिर तो मुश्किल है."

मुश्किल कसली, ते त्यांनी जमिनीवर बसून समजावलं. या पंखात काठी नाही, सळई नाही. आत भरलेली हवा हेच त्याचं हाड. वारा अचानक खालीवर झाला की कधीकधी पंखाची एक बाजू मिटते, पलंगावरच्या चादरीचं टोक खाली लोंबावं तशी, आणि माणूस त्या बाजूला गिरकी घेऊ लागतो. याला ते कोलॅप्स म्हणत. ब्रेक म्हणजे दोन हातांत धरायच्या दोऱ्या, ओढल्या की पंखाची मागची कड खाली येते आणि वेग कमी होतो. अशा वेळी पहिलं काम म्हणजे दोन्ही हातांतले ब्रेक सैल सोडायचे, हात वर. मग उघड्या बाजूला अंग टाकायचं, जायचंय तिकडे बघायचं, गरज लागली तर त्याच बाजूचा ब्रेक थोडासा. पंख सरळ चालू लागला की मग मिटलेल्या बाजूचा ब्रेक एकदा लांब ओढून सोडायचा. बहुतेक वेळा तोवर तो आपणहून उघडलेला असतो. पण स्कूटरवाल्याचे हात घाबरले की दोन्ही मुठी आवळतात. एकीत क्लच, दुसरीत ब्रेक. दिल्लीच्या रस्त्यावर माणूस त्यावरच जिवंत राहतो. इथे दोन्ही मुठी आवळल्या की पंखाचा वेग मरतो, तो उडायचा थांबतो आणि मागे पडतो. तो स्टॉल.

"कोलॅप्स से कम लोग गिरते हैं, मैडम," साहेब म्हणाले. "कोलॅप्स देखकर जो ब्रेक खींचते हैं, उससे गिरते हैं."

त्यांनी हार्नेस घरी दिला, म्हणजे ज्यात बसून उडायचं ती पट्ट्यांची खुर्ची, आणि सांगितलं, रोज अर्धा तास झाडाला टांगून बसा, कुणालातरी पट्टे ओढायला सांगा, हातांना नवी सवय लावा. आमच्या सोसायटीतलं सगळ्यांत उंच झाड माझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं. पण हॉलच्या छताला चार कड्या होत्या. झोपाळ्याची सागवानी फळी पुण्याहून 'पुढच्या खेपेला' येणार होती, ती तीन खेपा येत होती. मग कड्यांना हार्नेस टांगला. ऑफिसातले लोक घरी आले की सोफ्यावर बसून त्या लोंबत्या वस्तूकडे बघायचे आणि विषय बदलायचे.

पट्टे ओढायचं काम आईनं मागून घेतलं. हिवाळा होता, मटारचे ढीग यायचे. आई खाली पाटावर मटार सोलत बसायची, वर सून लटकलेली, आणि मध्येच न सांगता आई डावा नाहीतर उजवा पट्टा गदकन खाली ओढायची. सुनेला राजरोस हलवायची अशी संधी तिच्या पिढीत कुणाला मिळाली नसेल. "हात, हात," ती ओरडायची, "मुठी कशाला आवळतेस? मी काय ट्रक आहे?" सरोजिनी नगरच्या बाजारातून घेतलेले एक्स्पोर्टचे जाड हातमोजे घालून बायको हात वर करायची, कलायची, मान वळवायची. पहिले पंधरा दिवस मुठी आवळल्या जायच्या. मग हळूहळू कमी झालं.

स्टॉलचं मात्र जमत नव्हतं. साहेबांनी खूण सांगितली होती ती कानाची. पंख चालू आहे तोवर कानात वारा वाजतो. वारा गप्प झाला की समजायचं वेग गेला, त्याच क्षणी हात वर. "हवा चुप, हाथ ऊपर." म्हणून आम्ही तिच्या तोंडासमोर टेबल फॅन ठेवला. तो बंद झाला की तिनं हात वर करायचे. पण आई बटणाकडे निघाली की हिला आधीच कळायचं. परीक्षेत प्रश्न माहीत असल्यासारखं ते झालं.

हा प्रश्न वीज मंडळानं सोडवला. लाईट कधी जाईल हे आईला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, कुणालाच नव्हतं. ती लटकलेली, फॅन फरफर चालू, आणि अचानक सगळं गप्प. हात वर. आठवड्यातून तीन-चारदा तरी हा सराव फुकटात व्हायचा. महिन्याभरात अशी गत झाली, की ती हार्नेसमध्ये नसतानाही लाईट गेली की तिचे हात वर जायचे. पोळी लाटताना गेली की लाटणं डोक्यावर. एकदा ऑफिसात नकाशा काढताना गेली, तर शेजारच्या मुलीनं विचारलं, "दीदी, भांगड़ा?" मला हसू यायचं, आणि मी तिला चिडवायचो. त्या वेळी मला वाटायचं की हा सगळा खेळ आहे.

माझी नेमणूक रेडिओवर झाली होती. हातात धरायचे तीन रेडिओ होते. एक तिच्या खांद्याला, एक जीपमध्ये साहेबांकडे, एक उड्डाणाच्या जागी माझ्याकडे. दोर नीट लागला, पंख नीट पसरला की मी बटण दाबून "तैयार" म्हणायचं, मग जीप निघणार. या रेडिओत एका वेळी एकालाच बोलता येतं. एकानं बटण दाबून धरलं की बाकीच्यांचं तोंड बंद. हे साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती. पण बाल्कनीतून सूचना देणाऱ्या माणसाच्या हातात असलं यंत्र देऊ नये. मी 'तैयार'वर कधीच थांबलो नाही. जरा डावीकडे घे. पाय सरळ. छान. आता वळ. साहेब लांबून हात करून मला गप्प बसवायचे.

मार्चमधला एक रविवार. सकाळी लवकर उडायचं आणि ऊन तापायच्या आत आवरायचं, हा साहेबांचा नियम. तापलेला डांबरी रस्ता आणि उघडी शेतं यांतून गरम हवेचे लोट उसळतात, आणि नवशिक्याला ते झेपत नाहीत. त्या दिवशी तो नियम मोडला तो माझ्यामुळे. मला तिचा हवेतला फोटो काढायचा होता आणि कॅमेऱ्यात रोल नव्हता. दुकान उघडायची वाट बघत मी बाजारात ताटकळलो आणि तिलाही ताटकळत ठेवलं. मैदानावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. साहेबांनी रस्त्याकडे बघितलं, वर बघितलं. "आज रहने दीजिए."

"बस एक, साहब," मी म्हणालो. "फोटो के लिए."

त्यांनी हो म्हणायला नको होतं, असं ते स्वतःच नंतर म्हणाले. मी मागायलाच नको होतं.

ती पाचशे-एक फूट वर गेली, दोर सोडला, आणि रस्त्यावरून परत वळताना तिच्या पंखाची उजवी बाजू मिटली. फट्ट असा आवाज खालपर्यंत आला. ती उजवीकडे गिरकी घेऊ लागली, आणि उजवीकडे नव्या सेक्टरसाठी ओढलेली हाय टेन्शनची लाईन होती. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, रेडिओ हातात. मी बटण दाबलं आणि ओरडलो, "ब्रेक दाब. दोन्ही ब्रेक दाब."

तीन महिने मी हे सगळं रोज बघितलं होतं. आईचे पट्टे, फॅन, मटार, सगळं. तरी माझ्या तोंडून निघालं ते बाल्कनीतलं. आणि एकदाच नाही. मी बोलतच राहिलो. जीपमध्ये साहेब त्यांच्या रेडिओत बोलायचा प्रयत्न करत होते आणि त्यांचा शब्द तिच्यापर्यंत जात नव्हता, कारण माझा अंगठा बटणावर होता. तिच्या कानात फक्त मी होतो. पंख जरासा मागे गेला. तिचं गिरकी घेणं थांबलं, पण पुढे जाणंही थांबलं, आणि ती हवेत टांगल्यासारखी दिसू लागली. मग तिचे दोन्ही हात वर गेलेले मी पाहिले. पंखानं पुढे झेप घेतली, तिनं ब्रेकचा एक छोटा हिसका देऊन त्याला आवरलं, डावीकडे अंग टाकलं, उजवी बाजू उघडली, आणि ती तारांपासून लांब, कापलेल्या मोहरीच्या रानात उतरली.

मला हे सगळं दिसलं, पण कळलं नाही. मी बोलतच होतो. साहेब धावत आले, त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा अंगठा बटणावरून उचलून काढला. रागावले नाहीत. रेडिओ स्वतःच्या खिशात घातला आणि म्हणाले, "आप अब से सिर्फ़ कैमरा देखिए, साहब."

घरी आल्यावर मी आवाज चढवला. बंद. आजपासून हे सगळं बंद. हार्नेस काढा, फळी येईपर्यंत कड्या रिकाम्या राहू देत. ती हातमोज्यांतला मोहरीचा कचरा काढत बसली होती. मग म्हणाली, "तू दाब म्हणालास आणि मी दाबले. नऊ वर्षांची सवय आहे ना तुझ्या आवाजाची. मग कानातला वारा गेला. मला वाटलं लाईट गेली. तेवढ्यानं हात वर गेले, मी केलेच नाहीत." तिनं हातमोजे झटकून बाजूला टाकले. "मला पंखाची भीती नाही वाटली. पुढच्या वेळी तू काय बोलशील याची वाटते. मी उडणं सोडणार नाही. तू मैदानावर यायचं की नाही, ते ठरव."

मी सातव्या मजल्यावरून जिन्यानं खाली गेलो आणि जिन्यानंच वर आलो. मला लाज वाटत होती, आणि तिच्यावर रागही येत होता, कारण ती जिवंत होती आणि तरी बरोबर बोलत होती. वर आलो तर आईनं फॅन लावून ठेवला होता. "बस," ती हार्नेसकडे बोट करून म्हणाली.

"मी कशाला? मला नाही उडायचं."

"तुला गप्प बसायला शिकायचंय. बस."

मी बसलो. आईनं माझ्या हातात टीव्हीचा रिमोट दिला. "हा तुझा रेडिओ." टीव्ही चालू होता, बायको सोफ्यावर होती. आईनं पट्टा ओढला, मी कललो, आणि टीव्हीचा आवाज वाढू लागला. वाढत वाढत शेवटाला गेला. वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर काहीतरी आपटलं. बायकोनं सांगितलं तेव्हा मला कळलं की माझा अंगठा आवाजाच्या बटणावर होता. तो मला माझा वाटतच नव्हता.

त्या दिवसापासून उन्हाळाभर आणि पावसाळ्यातही मी रोज दहा मिनिटं लटकलो. पट्टा आई ओढायची, कधी बायको ओढायची, आणि ती ओढताना जरा जास्तच जोर लावायची. माझा मी अभ्यास ठरवला होता. पट्टा ओढला की हात वर आणि अंगठा बाजूला. टीव्हीचा आवाज वाढला की नापास. जूनपर्यंत मी रोज नापास झालो. ऑफिसात परदेशी साहेबांसमोर कारखान्याच्या पुरवठ्याचे तक्ते मांडणारा मी, संध्याकाळी घरी येऊन मालिकेतल्या बायकांच्या किंचाळ्यांत अंगठ्याशी झगडायचो. पावसाळ्यात कधीतरी पहिल्यांदा पट्टा ओढल्यावर टीव्ही तसाच राहिला. आईनं तोंडात बडीशेप टाकली.

ऑक्टोबरात साहेब तीन शिष्यांना डोंगरात एका धरणाच्या जलाशयावर घेऊन गेले. तिथे खूप उंचावरून, खाली पाणी आणि बोट ठेवून, मुद्दाम पंख मिटवायचा आणि मुद्दाम स्टॉल करायचा. नवऱ्यांना परवानगी नव्हती, निदान मला तरी नव्हती. ती रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून फोन करायची. "पोचले," आधी म्हणायची, मग बाकीचं. पूर्ण स्टॉल केला त्या दिवशी ती बराच वेळ बोलली. म्हणाली, सुरुवातीला वारा गप्प होतो तेव्हा हात वर, ते बरोबर. पण पंख एकदा पुरता मागे पडला की मग घाई करून हात वर करायचे नाहीत. तेव्हा हात खालीच धरून ठेवायचे, तो डोक्यावर येऊन स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग हळू सोडायचं. लवकर सोडलं तर तो इतक्या जोरानं पुढे झेपावतो की माणूस त्याच कापडात जाऊन पडेल. "म्हणजे कधी सोडायचं आणि कधी धरायचं, दोन्ही शिकावं लागतं," ती म्हणाली. "आणि घाबरल्यावर शिकता येत नाही, आधीच शिकून ठेवावं लागतं." बूथवाला मागून काहीतरी बोलला आणि तिनं फोन ठेवला.

नोव्हेंबरात मैदान पुन्हा सुरू झालं. मी गळ्यात कॅमेरा घालून गेलो. आईही आली, घडीची खुर्ची आणि पानिपतचं कांबळं घेऊन. ऊन कोवळं होतं, रस्ता थंड होता. बायको पंख पसरून उभी राहिली, मग साहेबांकडे वळून म्हणाली, "रेडियो इन्हें दे दीजिए."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "अँगूठा कैसा है?"

"ठीक है, साहब."

त्यांनी रेडिओ दिला. मी दोर तपासला, बटण दाबलं, "तैयार" म्हणालो आणि अंगठा उचलला. जीप निघाली. ती वर चढली, दोर सोडला, दोन गिरट्या घेतल्या आणि आमच्या दिशेनं उतरायला लागली. शे-दोनशे फुटांवर असेल, तेव्हा कुठूनतरी एक झुळूक आली आणि तिच्या पंखाची डावी बाजू मिटली. मार्चएवढी मोठी नव्हती, पण मी ती मोजत बसलो नाही. माझं तोंड उघडलं होतं. घशात शब्द भरले होते, आणि मला माहीत होतं की त्यांतला एकही तिच्या कामाचा नाही. ती उजवीकडे कलली. पंख फट्ट करून उघडला. ती सरळ आली, शेवटी ब्रेक खोल ओढले आणि माझ्यापासून वीसेक पावलांवर दोन पायांवर उतरली. पंख तिच्यामागे जमिनीवर पसरला.

तिनं हेल्मेटचा पट्टा सोडला आणि आधी विचारलं, "रेडिओ बंद पडला का रे? काहीच ऐकू आलं नाही."

"नाही," मी म्हणालो. "चालू होता."

"अगं, त्याचे हात बघ," खुर्चीतून आई म्हणाली.

मीही तेव्हाच बघितले. माझे दोन्ही हात डोक्यावर होते, एकात रेडिओ, अंगठा बाजूला. जीप परत आली होती आणि साहेब तोंडावर रुमाल धरून हसत होते. ती हसली नाही. माझ्याकडे बघत ती तशीच उभी राहिली, तिचे डोळे भरले होते, माझेही भरले असावेत. मग तिनं खांद्यावरचा रेडिओ तोंडाजवळ नेला, आणि वीस पावलांवरून माझ्याकडे बघत बटण दाबलं.

माझ्या डोक्यावर धरलेल्या रेडिओतून तिचा आवाज आला, "पोचले."

मी हात खाली घेतले.